बोयावरची निळी अक्षरं

आंजर्ल्याला कासव महोत्सवासाठी किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तूंचं कासव करत होतो. लोकांना वाटतं, गोळा केलं की चिकटवलं. निम्मा वेळ धुण्यात जातो. गोड्या पाण्यात तीनदा बुडवलं नाही तर मीठ राहतं, ते ओल धरतं आणि बांधलेली तार सडते. म्हणून तारेऐवजी मी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोराच वापरतो. उन्हानं जून झालेल्या बादल्यांचा बोट लावलं की भुगा होतो. टिकतात त्या रबरी चपला. त्यांचीच शल्कं, म्हणजे पाठीवरचे खवले, कापली. ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंच्या शल्कांच्या बहुधा सहा-सात जोड्या असतात, हिरव्या कासवाला चारच. कुणी मोजत नाही, मी मोजून लावतो. आयोजकांनी ‘जरा रंगीत दिसू दे’ म्हणून नव्या कोऱ्या बाटल्यांची पोती पाठवली होती! परत केली.

पोटात भरायला सुरूच्या बनाखाली रुतलेलं नायलॉनचं जाळं मिळालं. दोघांनी ओढून काढलं, कोयत्यानं तुकडे केले. त्याचाच पिवळा बोया, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारा गोळा, डोक्याला लावला.

उद्घाटनाच्या सकाळी हर्णैचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आले. बोयापाशी थांबले. त्यावर निळ्या रंगात दोन अक्षरं नि आकडा होता. जुनं दिसतं म्हणून मी तो मुद्दाम घासला नव्हता.

“मास्तर, ह्यो कुठं गावला?”

सांगितलं. ते वाकले, कासवाच्या पोटातल्या जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, दोन बोटं घालून पाहिली.

“आमचंच. दिवाळीआधी ट्रॉलरनं ओढून नेलं.”

“फाटलं होतं हो,” मी म्हटलं.

“फाटलेलं शिवतात, मास्तर.”

तेवढ्यात माइकवरून कुणीतरी सांगायला लागलं, की मच्छीमार जुनी जाळी बेफिकिरीनं समुद्रात फेकतात नि कासवं मरतात. आमच्या फलकावरही ‘समुद्रातला कचरा’ असंच होतं. मजकूर मीच दिला होता. तांडेलांनी तो वाचला आणि चहा न घेताच गेले.

फलक मी दुपारी उतरवला. आयोजक चिडले, फोटोत नाव येत नाही म्हणून.

महोत्सव संपल्यावर नंबर मिळवून फोन केला, बोया न्यायला या म्हटलं.

“बोया घेऊन काय करू? नवं जाळं घेतलं, कर्ज काढून. राहूदे तुमच्या कासवाला.”

कासव आता माझ्या पडवीत आहे.