वेळासची पिल्लं आणि हर्णैची जाळी

हरिहरेश्वरच्या बाजूने येत असाल तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास गाठायचं. नाना फडणविसांचं हे गाव. मार्चमध्ये मात्र इथे नानांची चौकशी करणारा क्वचितच भेटतो, जो तो उतरल्या उतरल्या एकच विचारतो, "आज पिल्लं निघणार का?"

आमच्या काकूंनी (ज्यांच्या घरी उतरलो त्या) ताटात सोलकढी वाढता वाढता सांगून टाकलं, "ते कासवांच्या हातात. तुम्ही आधी जेवा." घरगुती मुक्कामाची ही सोय कासवांमुळेच सुरू झाली. 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ची मंडळी समुद्र गरुडाची घरटी शोधत या किनाऱ्यावर आली होती, आणि सापडली ती ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या अंड्यांची टरफलं. त्या काळी अंडी खाल्ली जायची, विकलीही जायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण. पण रात्री दोन वाजता वेळासच्या पुळणीवर कायदा थोडाच गस्त घालतो? ती घालायला गावातलीच मुलं तयार झाली. अंडी कुठे असतात ते गावाइतकं कुणाला ठाऊक होतं! 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, वनखातं जोडलं गेलं, आणि हळूहळू गावोगावचे 'कासवमित्र' मानधनावर घेतले जाऊ लागले.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात अंड्यांचे खड्डे ओळीने होते. प्रत्येकापाशी पाटी: घरटं कुठे सापडलं, तारीख, अंडी किती. साधारण शंभराच्या आगेमागे. मादीच्या येण्याजाण्याची खूण ट्रॅक्टरच्या चाकासारखी वाळूत उमटते. कासवमित्र पहाटे तिचा माग काढत जातो, काठीने वाळू चाचपून घरटं शोधतो आणि अंडी काही तासांच्या आत इथे आणतो. उशीर झाला तर आतला गर्भ कवचाला चिकटतो, मग अंडं उलटंपालटं झालं की संपलं. म्हणून ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने ठेवायचं. खड्डाही मादीने खणला तसाच हवा, तोंड अरुंद आणि पोट रुंद. हे सगळं तो दादा इतक्या सहज सांगत होता, जणू भाताची लावणी कशी करायची ते सांगतोय.

एका घरट्याची वाळू मधोमध खचली होती. "ही खूण," तो म्हणाला, आणि हाताने अलगद वाळू बाजूला केली. आधी एक काळपट चोच, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग एकदम पाच-सहा डोकी. पिल्लं टोपलीत घेऊन पाण्यापासून थोडी दूर सोडली. तेवढं अंतर त्यांनी स्वतःच चालायचं असतं. दोरीमागे आम्ही सगळे, बहुतेकांचे डोळे मोबाईलच्या पडद्यावर. एका ताईंनी फ्लॅश मारला तेव्हा दादा फक्त "ताई, उजेड नको, ती उलटी फिरतात" एवढंच बोलला.

वाळू तापली तर माद्या जास्त होतात, थंड राहिली तर नर. जागा बदलली की वाळूची ऊबही बदलू शकते, त्यामुळे अंडी हलवावीत की जागच्या जागी राखावीत यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला जागच्या जागी राखलेलं घरटं आवडेल. पण कुत्री आणि कोल्हे रात्रभर फिरत असताना, आणि पहारा द्यायला एक-दोनच माणसं असताना, कुंपण नको असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी दापोलीच्या बाजूने हर्णैला गेलो, सुवर्णदुर्गासमोरच्या बंदरात. लिलाव सुरू व्हायचा होता. होड्यांतली मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरल्या होत्या. सावलीत बसून जाळं विणणाऱ्या एका तांडेलाशी (होडीवरच्या म्होरक्याशी) गप्पा सुरू झाल्या. वेळासहून आलो म्हटल्यावर ते हसले. "पिल्लं बघायला सगळे जातात. मोठी आमच्याकडे येतात ती कोण बघतं?"

खरंच आहे. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर गुदमरतं. पिल्लांतलं हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात, आणि अंडी घालण्याजोगं व्हायला त्याला दहा वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे जाळ्यातून सुटलेली एक मादी म्हणजे किती टोपल्या पिल्लं, ते तुम्हीच मोजा.

यासाठी 2018 पासून राज्यात एक योजना आहे. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती चालवतात. संरक्षित प्राणी अडकला, मच्छीमाराने जाळं कापून सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ. तांडेलांनी मोबाईल काढून दाखवला: हेलकावणाऱ्या होडीवर हिरव्या जाळीत गुरफटलेलं कासव, एका खलाशाच्या हातात सुरी, आणि मागून कुणाचा तरी आवाज, "मान सांभाळ, मान!"

"जाळ्याचे पैसे मिळतात, ठीक. त्या दिवसाची मासळी गेली तिचं काय?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारी कोष्टकात त्याला रकाना नाही, आणि माझ्या मते असायला हवा. किनाऱ्यावरच्या घरांना पर्यटकांकडून चार पैसे मिळतात, होडीवरच्याला फक्त भरपाई. तरीही तो सुरी काढतो. या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत महाग निर्णय तोच घेतो, तोही डुलत्या होडीवर, अर्ध्या मिनिटात.

ही कासवं नेमकी कुठून येतात, हेही आता कुठे उलगडतंय. जानेवारी 2022 मध्ये वेळासला 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रह टॅग बसवला, पाठोपाठ आंजर्ले आणि गुहागरला आणखी चौघींना. आणि 2021 मध्ये ओडिशात साधा क्रमांकाचा टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, असं अनेक जण मानत होते. तांडेलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग ओडिशावाल्यांनापण विचारा, ते जाळं कापतात का." तेवढ्यात लिलावाची बोली सुरू झाली आणि ते उठून गेले.

जाणार असाल तर: महोत्सवाच्या तारखा जाहीर होतात, पण पिल्लं त्या पाळत नाहीत. निघण्याआधी गावात फोन करा, घरातच उतरा, सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही वेळा किनाऱ्यावर जा. आणि परतताना हर्णैचा लिलाव चुकवू नका. सुरमई घ्याच, पण घेता घेता जाळ्याची चौकशीही करा.