मापाचा कागद

रामबागेतून काकूंचा फोन आला. काकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. दोन महिन्यांपूर्वी इंदूरच्याच एका रुग्णालयात त्यांचं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर उजवीकडे बाहेर आणलं. मल तिथून पोटावर चिकटवलेल्या बॅगेत जमतो. "सिस्टर, बॅग दिवसातून दोन-तीनदा सुटते. भीतीपायी यांनी जेवण सोडलंय."

मी सकाळी सातला, काकांच्या चहाच्या आधी गेले. पोटावरच्या अशा वाटेला इलिऑस्टॉमी म्हणतात. तिला आवरून धरणारा स्नायू नसतो. पोटात काही गेलं की ती वाहू लागते, म्हणून बॅग बदलायची ती रिकाम्या पोटीच.

काकूंची तयारी चोख होती. कोमट पाणी, जुन्या धोतराचे मऊ तुकडे, वाकडी कात्री, रात्रीच भोक कापून ठेवलेली प्लेट, म्हणजे बॅगचा कातडीला चिकटणारा भाग. काकांच्या पोटावरच्या प्लेटभोवती मात्र चिकटपट्टीचे थर. पट्टीनं गळती थांबत नाही, आत अडते. त्या गळणाऱ्या पाण्यात अन्न पचवणारे रस असतात आणि ते कातडीही खातात.

मी कातडी दाबून धरत प्लेट वरून खाली सोडवली आणि खिडकीपाशी नेऊन उलटी केली. जुनी प्लेट पाठ बघितल्याशिवाय टाकायची नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवते. भोकाभोवतीचा चिकट थर चहूबाजूंनी फुगून पांढरा झालेला, खालच्या अंगाला पार विरघळलेला. काकांच्या पोटावर तेवढंच सोललेलं, पाझरणारं वर्तुळ. स्टोमा, म्हणजे बाहेर आणलेलं आतड्याचं टोक, मात्र उत्तम, लाल आणि ओलसर. मोजपट्टीनं मोजला, 26 मिलिमीटर भरला. काकूंनी कापलेलं भोक 38 चं.

"मी कागदाप्रमाणेच कापते," म्हणत काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्जच्या वेळी मिळालेला भोकाच्या मापाचा कागदी साचा काढला. त्यावर पेनानं 38 लिहिलेलं. तेव्हा ते बरोबरच असणार. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि सहा ते आठ आठवडे आक्रसत जातो. तोवर दर वेळी मोजायचं आणि भोक त्याच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवायचं. हे काकूंना कुणीच सांगितलं नव्हतं. एखाद्या अघळपघळ माणसानं एव्हाना अंदाजानं लहान भोक कापलं असतं. काकूंनी कागद तंतोतंत पाळला आणि त्यांच्याच हातून काकांची कातडी सोलत गेली. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मी स्टोमाच्या तोंडावर गॉजची गुंडाळी धरली, नुसत्या पाण्यानं कातडी पुसली, टिपून कोरडी केली. ओल्या जागेवर ओल शोषणारी स्टोमा पावडर, जादाची झटकून वर कातडीला जपणारा बॅरियर फिल्मचा पातळ थर, वाळल्यावर पुन्हा तेच. भोक 28 चं कापून कड बोटानं गुळगुळीत केली, प्लेट बसवली आणि काकांना त्यावर तळहात दाबून पडून राहायला सांगितलं. उबेनं ती धरते.

काका उठून बसले तर चक्कर. तहान लागते म्हणून ते तांब्यामागून तांब्या साधं पाणी पीत होते. इलिऑस्टॉमीतून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसलं की आतड्यातून आणखी मीठ ओढलं जातं आणि बॅग आणखी भरते. ओआरएस सुरू केलं, मीठ घातलेली पेज सांगितली. बॅग मापट्यात रिकामी करून दिवसाची बेरीज लिहायची. दीड लिटरच्या वर गेली तर थेट रुग्णालय. त्यांच्या सर्जनना फोन करून त्याच दिवशी रक्तातलं सोडियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायला लावलं.

काकूंचा पुन्हा फोन आला तेव्हा तीच प्लेट चौथ्या दिवशीही टिकून होती. काकांनी पोहे मागितले होते. द्या म्हटलं, शेंगदाणे न घालता, आणि नीट चावून.

काकांचं ऑपरेशन झालं त्या वॉर्डातही मी फोन केला. उत्तर आलं, "आम्ही सगळं समजावतो, नातेवाईक लक्ष देत नाहीत." याचा मला अजून संताप येतो. कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करायला या शहरानं घराघराला शिकवलं. त्या साच्यावर पुन्हा मोजायची तारीख घालायला कितीसा वेळ लागला असता? आमच्याकडे डिस्चार्जच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. मी साच्यावरच माप, तारीख आणि 'दर बदलाला मोजा' असं मार्करनं लिहून देते. रकान्यासाठी अर्जही दिला आहे, पण अजून काही हललेलं नाही.