आम्ही लिबरल आहोत हं!

मागच्या रविवारी मुलीला बघायला पुण्याची मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या वडिलांनी सोफ्यावर पाठ टेकली आणि म्हणाले, "आमचं घर एकदम लिबरल हं. लग्नानंतर नोकरी करू देऊ, जीन्स घालू देऊ."

मुलगी कपबशा उचलत होती. थांबली. "काका, 'देऊ' म्हणजे?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे.

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. पोरांच्या लेखी लिबरल म्हणजे सैल हातानं पेपर तपासणारा सर. वर्गात मी घसा कोरडा करून सांगायचो की मूळ लॅटिन 'लिबर', म्हणजे मोकळा, गुलाम नसलेला. पण पुस्तकात 'उदारमतवादी' छापलेलं. एका पोरानं उत्तरात चक्क कर्णाची कवचकुंडलं आणली होती. मी त्याला अर्धे गुण दिले, कारण लॅटिनमध्ये त्याच मुळातून आलेल्या शब्दाला सढळ हाताचा असाही अर्थ होता. (म्हणजे पोरांचं माझ्याबद्दलचं मत खरंच होतं.)

पक्षांची गंमत तर विचारू नका. कॅनडातला लिबरल पक्ष जरा डावीकडचा, ऑस्ट्रेलियातला १९४४ सालचा लिबरल पक्ष उजवीकडचा. जपानमध्ये १९५५ साली निघालेल्या पक्षाच्या नावात लिबरल आणि डेमोक्रॅटिक दोन्ही, वळण मात्र जुनं. अमेरिकेत हाच शब्द एकजण अभिमानानं सांगतो, दुसरा शिवीसारखा फेकतो. तसं आपल्याकडेही होतंच. नेमस्तांनी १९१८ मध्ये काँग्रेसमधून बाजूला होऊन लिबरल फेडरेशन काढली. पण लोकांच्या तोंडी ते 'मवाळ'च राहिले. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या, चार हुतात्म्यांच्या आमच्या सोलापुरात कुणाला मवाळ म्हणून बघा!

थोरला भाऊ यंत्रमागावर होता. १९९१ नंतर पेपरात रोज 'उदारीकरण' यायचं. तो ते शेवटपर्यंत 'उधारीकरण' म्हणायचा. सुताचा भाव चढला की किराणा दुकानाची वही काढून दाखवायचा, "हे बघ, आमचं कधीच झालंय." अर्थशास्त्राच्या आमच्या सरांना हे सांगितलं, तर ते हसले नाहीत.

तर त्या दिवशी काकांना उत्तर सुचेना. "म्हणजे... आमची काही हरकत नाही," असं म्हणाले. मुलगी म्हणाली, "हरकत घ्यायचा हक्क तुमच्याकडे आहे, असं धरलंय ना तुम्ही?" आवाज अजिबात चढवला नाही. मुलगा इतका वेळ मोबाईलमध्ये होता, त्यानं पहिल्यांदा मान वर केली. खुदकन हसलाही.

जाताना त्यांच्या हातात शेंगाचटणीचं पाकीट दिलं. त्यांच्याकडून अजून फोन नाही. मुलाचा मात्र हिला मेसेज आलाय म्हणे. काय, ते आम्हाला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बायको म्हणते, फारच लिबरल झालात.