तुम्ही विचारलंत म्हणून : कौटिल्य सोडून कॅमेरलिझम कशाला?

‘आपल्याकडे कौटिल्य असताना तुम्ही त्या जर्मनांच्या नादी का लागलात?’ हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा विचारला जातो, म्हणून एकदाचे लिहूनच टाकतो. (कॅमेऱ्याविषयी विचारणाऱ्यांना मात्र हात जोडतो, ‘काम्मर’ म्हणजे राजाच्या खजिन्याचे दालन, आणि त्यावरून नाव पडलेला कॅमेरलिझम म्हणजे राजाचा खजिना व राज्यकारभार नीट चालवण्याची अठराव्या शतकातली जर्मन विद्या.)

कौटिल्याशी माझे भांडण नाही. परंतु जमाखर्च, शेती आणि खाणी हे विषय विद्यापीठात शिकवून त्यातून अधिकारी घडवावेत, यासाठी प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने १७२७ मध्ये हाले आणि ओडरकाठचे फ्रँकफुर्ट येथे अध्यासने काढली, याचे मला अप्रूप वाटले. जंगल मोजून तोड ठरवणारी आपल्या वनखात्याची ‘कार्य आयोजना’देखील त्याच मुशीतल्या जर्मन वनशास्त्रातून आली, १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले ब्रांडिस जर्मनच होते.

हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे तिसरे प्रकरण उघडले. योहान फॉन युस्टी या कॅमेरलिस्ट लेखकाच्या १७५५ च्या ग्रंथावरून प्रशियाचा कारभार कसा चाले, याचे त्यात साठ पानी वर्णन होते. त्यांनी एका तळटिपेवर बोट ठेवले. युस्टी १७६५ मध्ये प्रशियाच्या खाणींचा प्रमुख झाला, १७६८ मध्ये सरकारी पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून पकडला गेला आणि १७७१ मध्ये कैदेतच वारला, हे मी बारीक टायपात उरकले होते. ‘हे तळाशी का?’ त्यांनी शांतपणे विचारले. ‘शिवाय हा ग्रंथ तर व्हिएन्नातल्या व्याख्यानांतून झालेला. प्रशियाची एक तरी खतावणी तुम्ही पाहिलीत का?’ मी पाहिली नव्हती. ग्रंथाचे मोल ग्रंथकाराच्या नशिबावरून ठरत नाही, असे मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. त्यांनी पेन्सिलीने तळटिपेपासून वर मजकुरापर्यंत एक बाण काढला आणि प्रत माझ्यापुढे सरकवली. पदवी मिळाली, बाण मी अजून खोडलेला नाही.

तेव्हाच्या मला आज मी बजावतो की, नोकरीच्या शोधात दरबारोदरबारी फिरणारा युस्टीसारखा माणूस राजाला रुचेल असेच सुव्यवस्थित राज्य कागदावर उभे करणार. त्यावर तो तेव्हाचा मी विचारतो की, राज्य कागदावरचे असेल, पण तो कागद शिकून कचेऱ्यांत गेलेली माणसे तर खरी होती ना? याला माझ्याकडे उत्तर नाही. युस्टीने पैसे खाल्ले की त्याला अडकवले, हेही मी ठरवू शकलेलो नाही. सध्या जुन्या जर्मन हस्ताक्षरातल्या खतावण्या वाचायला शिकतो आहे, दिवसाला जेमतेम एक पान होते, आणि कौटिल्याची पाळी अजून आलेली नाही.