बाविसांतली पाचवी प्रतिज्ञा

धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात मी ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि इतर धर्म’ हा विषय शिकवतो. नागपुरात राहून हा विषय नुसता फळ्यावर शिकवणे मला पटत नाही, म्हणून एका शनिवारी मी वर्गाला दीक्षाभूमीवर घेऊन गेलो. तिथे धम्मवर्ग चालवणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आमच्याशी बोलण्याचे मान्य केले होते.

आदल्या तासाला आम्ही कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे २८ ऑक्टोबर १९६५चे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र वाचले होते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातले काहीही ख्रिस्तसभा (चर्च) नाकारत नाही, असे ते सांगते. ख्रिस्तसभेबाहेर राहणाऱ्यांच्या वाट्याला अनंतकाळचा अग्नीच आहे, असे फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये ठरवले होते. तिथून इथवरचा पल्ला लहान नाही. त्याच ओघात कार्ल रानर या जर्मन ईशज्ञानपंडिताचा (धर्मशास्त्रज्ञाचा) ‘अनामिक ख्रिस्ती’ हा विचारही आला होता. जो आपल्या विवेकाला प्रामाणिक राहतो, त्याला ख्रिस्ताचे नाव ठाऊक नसले तरी ख्रिस्ताचीच कृपा तारते, असा त्याचा आशय आहे. वर्गाला हा विचार फार आवडला होता, आणि एका उत्साही शिष्याने तो दीक्षाभूमीवर त्या मुख्याध्यापक सरांना मोठ्या आदराने ऐकवला.

सरांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि आम्हाला बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या शिलालेखापाशी नेले. “पाचवी वाचा,” ते म्हणाले. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा खोटा प्रचार आहे, असे ती प्रतिज्ञा सांगते. “बुद्धाला अवतारांच्या यादीत बसवणाऱ्यांनीही त्याचा मानच केला, असे त्यांना वाटत होते. १४ ऑक्टोबर १९५६ला इथे लाखो लोकांनी त्या मानालाच नकार दिला. आता तुम्ही मला तुमच्या घरात नकळत आलेला पाहुणा म्हणता. मी तर विचार करून, प्रतिज्ञा घेऊन वेगळ्या घरात राहायला गेलो आहे, त्याचे काय?”

मी रानरने स्वतःच नोंदवलेला एक प्रसंग सांगितला. निशितानी या जपानी तत्त्वज्ञाने त्याला विचारले होते की, मी तुम्हाला अनामिक झेन बौद्ध म्हटले तर? आपल्याला तो सन्मानच वाटेल, असे रानरने उत्तर दिले होते. सर हसले. “दोघे पंडित समोरासमोर बसले असतील तर ते शोभते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच नाव दिले, त्यांना ते परवडत नाही.”

रानरचा विचार मी अजूनही टाकाऊ मानत नाही. तो मुळात ख्रिस्ती माणसाच्या स्वतःच्या पेचासाठी आहे: देव सर्वांचा आणि ख्रिस्त एकमेव तारणारा, तर मग कोट्यवधी इतरांचे काय? त्या पेचाचे उत्तर आपल्या घरात ठेवावे. समोरच्याच्या गळ्यात ओळखपत्र म्हणून अडकवू नये. शिवाय बौद्धांच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे, कारण तारण करणारा देव आणि तारला जाणारा आत्मा ही दोन्ही गृहीतकेच ते स्वीकारत नाहीत. ज्याने प्रश्नच नाकारला, त्याच्या नावावर आपले उत्तर जमा करणे मला संवाद वाटत नाही.

परतताना बसमध्ये मी मुलांना सांगितले की ऑक्टोबर १९७१ मध्ये सुवार्ताप्रसार आणि संवाद या विषयावरची ईशज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद याच नागपुरात भरली होती. इतर धर्मांचे ग्रंथ आणि विधीही, कमीअधिक प्रमाणात, दैवी प्रकटीकरणाचे आविष्कार असू शकतात, इथपर्यंत तिचे निवेदन गेले होते. मला ते धाडसी वाटते. पण ‘दैवी’ या शब्दावर सर पुन्हा बोट ठेवतील, अशी शंका एका मुलीने लगेच काढली, आणि ती रास्त होती.

पुढची बैठक ठरली आहे. तोपर्यंत आमच्या वर्गाने डॉ. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचायचा आहे, आणि सर मार्कचे शुभवर्तमान वाचणार आहेत. बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, हे त्यांनी आधीच विचारून घेतले.