आमची वाटचाल: शहाबादी फरशी ते बाथरूमचे सांधे

आमचे बाबा गवंडी, बेळगाव आणि खानापूर भागात शहाबादी फरशी बसवायचे. तेव्हा सांध्यात सिमेंट भरलं की काम झालं, रंगाचं कोण विचारतंय. मी लाइनीत आलो तोवर मोरबीच्या टाइल्स आल्या, ग्राउट (सांध्यात भरायची रंगीत पावडर, पाण्यात कालवायची) आलं, शेडकार्ड आलं आणि गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो दाखवून अगदी असाच ग्रे पाहिजे ओ म्हणायला लागली.

दुरुस्तीत शिरायचं असं काही ठरवलं नव्हतं. टिळकवाडीत एका काकूंच्या फ्लॅटचं बाथरूम बघायला गेलो, फरशी दुसऱ्या कुणी केलेली, दारापाशी सांधे गडद आणि शॉवरखाली पार राखेसारखे. काकू म्हणाल्या पाकिटं एकाच कंपनीची, नंबर पण एकच, मग हे असं कसं? कसं म्हणजे पाणी! सिमेंटच्या ग्राउटमध्ये पाणी जास्त पडलं की रंग फिका होतो, वर परत चिंब स्पंज फिरवला की रंग धुऊनच जातो, त्यात एक घमेलं घट्ट आणि पुढचं पातळ कालवलं की झाल्या एका खोलीत दोन शेड.

आधी सांधे ओले करून बघितले. ओल्यात पांढरेपणा दिसेना आणि वाळल्यावर परत वर आला तर तो बहुतेक खार असतो, सल्फामिक अ‍ॅसिडच्या हलक्या पाण्यानं घासून निघतो (सांधे आधी भिजवायचे, आणि खाली मार्बल असेल तर अ‍ॅसिडचं नावच काढायचं नाही). तिथं खार थोडा निघाला, पण खालचा रंगच वेगळा होता. शॉवरखालचे सांधे तर नखानं उकरले तरी पावडर सुटत होती, असल्या ठिकाणी नुसता रंग मारून टिकत नाही, म्हणून ते खरवडून काढले आणि नव्या पाकिटांतली सगळी कोरडी पावडर एकत्र मिसळून पाणी मापानं घालून परत भरले. बाकीच्या पक्क्या सांध्यांवर त्याच शेडचा ग्राउट कलरंट, म्हणजे सांध्यावर मारायचा रंग, बारीक ब्रशनं ओढला, टाइलवर आलेला तिथल्या तिथं पुसला. सांधा आतून वाळलेला नसेल तर कलरंट धरत नाही, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर वाळायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, पंखा लावून ठेवावा लागतो.

काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून सोडलं. मग अनगोळ, शहापूर, पुढं निपाणीहून पण फोन यायला लागले. आता पोरांच्या पिशवीत मापाचा मग असतोच, अंदाजे पाणी ओतलेलं मला चालत नाही, पोरं कुरकुरतात पण ऐकतात. नवीन बाथरूम असेल तर मी इपॉक्सीच सांगतो, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट, महाग पडतं पण पाणी पीत नाही, फक्त लवकर घट्ट होतं म्हणून थोडं थोडंच कालवायचं आणि टाइल लगेच पुसून घ्यायची.

रेट आम्ही सांध्याच्या रनिंग फुटावर धरतो, लहान टाइलला सांधे जास्त, म्हणून तिथं बिल जास्त होतं. जुन्या ग्राउटचं रिकामं पाकीट घरात पडलं असेल तर टाकू नका, त्यावरच्या शेडचा आणि बॅच नंबरचा फोटो तेवढा पाठवा.