खानापुरातला पाऊस आणि आमचा डीप फ्रीजर

बर्फ थंडीतच जास्त साचत असेल, असं कुणालाही वाटेल. आमच्या दुकानातला डीप फ्रीजर उलट वागतो. डिसेंबर-जानेवारीत खानापुरात पहाटे हुडहुडी भरते, पण हवा कोरडी असते आणि फ्रीजर बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. जुलैत मात्र मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. झाकण उघडलं की ती दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ उणे १८ अंशांच्या पत्र्यावर गोठते. बघता बघता आइस्क्रीमच्या डब्यांमागे बोटभर थर. हा थर गारवा आतल्या मालापर्यंत पोचू देत नाही. मशीन चालतच राहतं आणि बिल वाढतं ते वेगळंच.

यंदा गणपतीआधी साफ करायचं ठरवलं. लाइनच्या दुरुस्तीसाठी दिवसभर करंट जाणार होता, तोच दिवस धरला. आइस्क्रीम आधीच विकून संपवलं, कारण ते वितळून पुन्हा गोठलं की रवाळ होतं. मटारची पाकिटं बर्फासोबत थर्माकोलच्या पेटीत. तळाचं बूच काढलं, खाली परात लावली, आत फळीवर कढत पाण्याची पातेली ठेवून झाकण लोटलं.

शेजारचे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. लडाखचे हिवाळे काढलेला माणूस, ते गप्प कसे बसतील!

"पातेली कशाला ठेवायलास? मीठ मार की!"

"काका, ते रस्त्याला ठीक. इथं पत्रा खाईल की मीठ."

मिठानं बर्फ वितळतो हे खरं. पण खारं पाणीही उणे २१ च्या आसपास गोठतंच, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत रस्त्यावरसुद्धा मिठाचा फारसा उपयोग नाही. हे काकांनाही मान्य. तिकडे चाकं घसरू नयेत म्हणून वाळू टाकायचे, असं तेच म्हणाले.

पातेल्यांतलं पाणी बदलत राहिलो, तशी बर्फाची ढेपं आपोआप सुटली. उरलेलं लाकडी उलथन्यानं. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नाही: गॅसच्या नळ्या आतल्या पत्र्याला लागूनच असतात, एक भोक पडलं की खर्च हजारांत. नव्या मशीनमध्ये तर बऱ्याचदा पेट घेणारा गॅस असतो.

खरं काम पुढचं. आतून सुती फडक्यानं अगदी कोरडं पुसलं. राहिलेलं पाणी म्हणजे उद्याचा बर्फ. झाकणाचं रबर साबणाच्या कोमट पाण्यानं धुतलं. मग झाकणात दहाची नोट धरून ओढून पाहिली. तीन बाजूंना घट्ट अडकली, बिजागरीकडे सहज निघून आली. म्हणजे दमट हवेची वाट तिथूनच. गरम फडक्यानं शेकून रबर थोडं फुगलं, पण पुरेसं नाही. नवं बेळगावहून मागवलंय. तोवर दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये आधी गार करूनच डीप फ्रीजरमध्ये जातात, आणि "कुठलं आइस्क्रीम?" हे गिऱ्हाइकाला झाकण उघडण्याआधी विचारतो.